उपाशी माणसाचा मजकूर

"जेवले का?" हे आमच्या सिंदेवाहीत कोणीही कोणाला विचारतं आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. चाचा थांबायचे. काय जेवले, कधी जेवले, भाजी कशाची होती, हे सगळं कळल्याशिवाय ते पुढचं बोलायचेच नाहीत. त्यात तुम्ही भांडायला आला असाल तर संपलंच. माणूस तावातावानं तोंड उघडायचा आणि त्या तोंडातून वांग्याची भाजी बाहेर पडायची.

चाचा आमच्या गावच्या इंटरनेट कॅफेचे मालक. नाव कशाला सांगू, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा त्यांना चाचाच म्हणायची. कॅफे म्हणजे त्यांची जुनी धान भरडायची गिरणी. मोठमोठ्या राईस मिली आल्या, छोट्या गिरणीकडे कोणी फिरकेना, तेव्हा नागपूरच्या जावयानं कुठून तरी चार जुने कॉम्प्युटर आणून दिले. गिरणीचं यंत्र गेलं, पण पट्ट्याचं मोठं चाक भिंतीवर तसंच राहिलं. जमिनीत मुरलेला कोंडा पंखा लावला की उडायचा आणि मॉनिटरवर जाऊन बसायचा. बाया अजूनही डोक्यावर धानाचं टोपलं घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "चाचा, भरडून देता का जी?" चाचा त्यांना बसायला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "बाई, आता इथी धान नाई भरडत, गोष्टी भरडतो." बाई पाणी पिऊन, थोडा वेळ कॉम्प्युटरकडे संशयानं बघून निघून जायची.

चाचा इतकं हळू बोलायचे की ऐकायला समोरच्याला आपलं तोंड बंद करावं लागायचं. मी एकदा विचारलं, चाचा, आवाज बसला का तुमचा? तर म्हणाले, "बेटा, साऱ्या जिंदगीभर त्या गिरणीच्या आवाजात वरडून बोललो. माझ्या वाटणीचं वरडणं होऊन गेलं. आता हाच उरला."

चारही कॉम्प्युटरांत चार नंबरचा सगळ्यात म्हातारा. तो सुरू व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात चुलीवर वरण शिजून यावं. कोणी दारातून रागानं आत शिरला की चाचा चेहरा बघूनच म्हणायचे, "भाऊ, तुमी चार नंबरवर बसा." चार नंबरचं भाडं नसायचं. माणूस बसायचा, काळ्या पडद्याकडे बघत राहायचा, आणि तो पडदा उजळेपर्यंत अर्ध्या लोकांना आपण कोणावर चिडलो होतो हेच आठवायचं नाही. त्यातून लोडशेडिंग आलं तर चाचा दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचे, "मेहरबानी!" सारं गाव वीजवाल्यांना शिव्या घालत असताना आभार मानणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या भागातून, म्हणजे झाडीपट्टीतून, बाहेर गेलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, 'झाडीची माणसं'. पुण्यात इंजिनियर झालेल्या आमच्याच एका पोरानं तो काढला. कोणी पुण्याचा, कोणी भिलाईचा, कोणी मस्कतला ड्रायव्हर, आणि थोडे आम्ही गावातच राहिलेले. सकाळी मोहफुलांच्या आठवणी निघायच्या आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या आयाबहिणी निघायच्या. त्या पोराचं महिन्याभरात डोकं उठलं. सुट्टीत गावी आला तेव्हा त्यानं ग्रुपच्या किल्ल्या चाचांच्या हातात दिल्या आणि सुटला. आता चाचांनी बटण दाबल्याशिवाय कोणाचाही मजकूर ग्रुपवर दिसायचा नाही.

चाचांनी पहिल्याच दिवशी नियम लिहिला: उपाशी माणसाचा मजकूर छापला जाणार नाही.

लोकांना वाटलं गंमत आहे. पण पुण्याच्या एका साहेबांनी भिलाईवाल्याला काहीतरी खमंग लिहून पाठवलं, तर चाचांचं त्यांना खासगीत उत्तर गेलं, "भाऊ, जेवले का?" साहेब भडकले. हे विचारायचा तुम्हाला अधिकार काय, असं त्यांनी कळवलं. चाचांनी लिहिलं, "अधिकार नाई भाऊ, काळजी हाये. जेवले का?" दोन दिवस गेले. मग एका शब्दाचं उत्तर आलं: "पोहे." चाचांनी लिहिलं, "पोहे म्हंजे जेवण नोहोय." शेवटी साहेबांनी वरण, भात, मेथीची भाजी, कोशिंबीर असं सगळं ताट लिहून पाठवलं आणि खाली म्हटलं, तो जुना मजकूर राहू द्या, आता तेवढं वाटत नाही. मस्कतवाला ड्रायव्हर तर पुढे पुढे भांडण नसलं तरी रोज काय जेवला ते लिहून पाठवायचा. तिकडे त्याला विचारणारं कोणी नसेल. चाचा त्याला न चुकता उत्तर द्यायचे.

रमजानमध्ये वेगळाच कायदा. चाचांचे रोजे असायचे, त्यामुळे दिवसभर कोणाचाच रागाचा मजकूर पुढे जायचा नाही. "मीच उपाशी हाओ," ते म्हणायचे, "माझा काय भरोसा?"

आणि कॅफेत येऊन लिहिणाऱ्यांसाठी ढोली होती. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणानं लिंपलेली. चाचांच्या ढोलीत मागच्या सालचा तांदूळ असायचा. रागाचा मजकूर लिहिला की तो फ्लॉपीत भरायचा आणि फ्लॉपी चाचांकडे द्यायची. चाचा ती ढोलीतल्या तांदळावर ठेवायचे आणि वर झाकण टाकायचे. पुढच्या रविवारी या, काढून वाचा, तेवढाच राग असेल तर पाठवू. "नवा तांदूळ शिजवला का गोळा होते अन् पोट दुखते," चाचा समजावायचे. "साल भर राहू द्या, मंग दाणा दाणा मोकळा. रागाचं बी तसंच हाये जी." कधी कोंडा जाऊन फ्लॉपी खराब व्हायची. मग चाचा म्हणायचे, जाऊ द्या, वरूनच माफ झालं.

माझे बाबा या ढोलीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते.

बाबा भात संशोधन केंद्रातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचं डोकं कायम चुलीवर, आणि निवृत्त झाल्यावर ते उतरवून ठेवायला जागाच राहिली नाही. मी तेव्हा डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरात बसलेली. बाबांना टाईप करता यायचं नाही, म्हणून दर रविवारी ते बोलायचे आणि मी टाईप करायची. त्यांच्या शिव्या जुन्या वळणाच्या होत्या, मी त्यांना जरा धार लावून द्यायची. माझं डोकंही काही बर्फात ठेवलेलं नव्हतं, बापावरच गेले आहे.

भांडण होतं वाघाचं. काही वर्षांपूर्वी नागभीडहून सिंदेवाहीला येणारी सकाळची एसटी जंगलातल्या नाल्यावरच्या एका पुलियाजवळ थांबली, कारण पुलियावर वाघ बसला होता. वाघ थोडा वेळ बसला, उठला आणि गेला. बस, एवढंच. त्यानं कोणाला काही केलं नाही, जे केलं ते पुढे माणसांनी केलं. बाबा त्या गाडीत होते. त्यांनी ग्रुपवर 'खरा साक्षीदार' या नावानं लिहिलं की आमच्या सिंदेवाहीचा वाघ असा असा दिसला. त्यावर 'प्रत्यक्षदर्शी' नावाच्या कोण्या माणसाचं उत्तर आलं की वाघ नागभीडचा होता, सिंदेवाहीकडे त्याचं काहीच काम नव्हतं.

झालं! बाबांचं म्हणणं, उठला तेव्हा वाघाचं तोंड सिंदेवाहीकडे होतं, म्हणजे तो घरी निघाला होता. प्रत्यक्षदर्शीचं म्हणणं, तोंड नागभीडकडे होतं, आणि ज्याला वाघाचं तोंड आणि शेपूट ओळखू येत नाही त्यानं लिहू नये. त्यावर बाबांनी त्याच्या शेपटाची चौकशी केली. अर्धा ग्रुप इकडे, अर्धा तिकडे. मस्कतवाल्यानं बिचाऱ्यानं लिहिलं, "वाघाले गाव नसते भाऊ," तर दोन्ही बाजूंनी मिळून त्याला धुतला. सारं वर्ष हे चाललं. प्रत्येक मजकूर ढोलीत आठवडाभर मुरून, प्रत्येक वेळी काय जेवले ते सांगून.

कॅफेत आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर थोडं बसायचं, हाही चाचांचा नियम. आणि आतलं भांडण बाकावर काढायचं नाही, हा त्याच्या जोडीचा. त्या बाकावर बाबांना एक जिवाभावाचा दोस्त मिळाला. नागभीडचे निवृत्त गुरुजी. तिकडे फोनची लाईन धड नव्हती, म्हणून ते दर रविवारी गाडीनं सिंदेवाहीला यायचे. बाबा त्यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा द्यायचे, गुरुजी बाबांना घरची सुपारी द्यायचे. दोघंही नेटवरच्या कोण्या नालायकानं छळलेले. नियमामुळे तो नालायक काय म्हणतो ते सांगायची सोय नव्हती, पण "काय सांगू गुरुजी, असा बेइमान माणूस नाई पाह्यला" आणि "माझ्या नशिबी बी एक तसाच हाये भाऊ" एवढं चालायचं. दुखणं सारखं, त्यामुळे जीव जडला.

त्याच बाकावर दोघांनी माझं लग्न ठरवलं. गुरुजींचा मुलगा बँकेत होता. बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "तुमी चिडल्या का काय करता?" मी म्हटलं, "टाईप करते." तो इतका हसला की बशीतला चहा पँटवर सांडला, आणि पँट पुसत पुसत पुन्हा हसला. मला तो पाहिजे होता, सरळ सांगते. याच्याआधी तीन जण मला बघून, माझं बोलणं ऐकून, 'कळवतो' म्हणून गेले होते. साक्षगंधाची तारीख निघाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आरशासमोर गाणं म्हटलं.

आणि त्याच्या पुढच्याच रविवारी मी प्लायवूडला कान लावला.

मुद्दाम नाही लावला. बाबा बाहेर बाकावर होते, मी आत त्यांचा मजकूर पुरा करत होते. चाचांनी दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये प्लायवूड उभं करून खोपटं केली होती, त्यातल्या शेजारच्या खोपटात गुरुजी. जन्मभर पोरांना शुद्धलेखन सांगितलेला माणूस, एका बोटानं टाईप करताना प्रत्येक शब्द तोंडानं म्हणायचे. पंख्याच्या घरघरीत एरवी कळायचं नाही, पण तेवढ्यात लाईट गेले, पंखा थांबला, आणि गुरुजी आपल्याच नादात अंधाऱ्या कॉम्प्युटरला सांगत राहिले, "वाघाचं... तोंड... नागभीडकडं... होतं... हे... ज्या... गाढवाले... समजत... नाई..."

त्या गाढवाची मुलगी प्लायवूडच्या अलीकडे बसली होती. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी त्याच बाकावर लग्न मोडलं असतं, आणि गुरुजींनी त्यांच्याआधी.

मी धावत चाचांकडे गेले. "चाचा, गुरुजीच प्रत्यक्षदर्शी हायेत!"

"हाव," चाचा म्हणाले.

"तुमाले मालूम होतं?"

"मले नाई तर कोणाले मालूम राहीन? बटण मीच दाबतो ना."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू जेवली का?"

"चाचा, माझं लग्न मोडून राह्यलं अन् तुमाले जेवणाची पडली!"

"मोडलं नाई अजून. काय खाल्लं?"

मी दात खाऊन सांगितलं, भात आणि चवळीची भाजी. मग म्हटलं, दोघांचे मजकूर आजपासून बंद करा, म्हणजे भानगडच नको. चाचांनी मान हलवली. "तोंड बंद केलं का हात चालते बेटा. लिहू दे, थंडं करून लिहू दे. अन् मले सांग, तिथी बाकावर बसून ते कोणाले शिव्या देतेत?"

"एकमेकाले."

"नाई. एकमेकाले खर्रा देतेत. शिव्या त्याले देतेत जो तिथी नाई."

मला तेव्हा हे तत्त्वज्ञान ऐकायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती चहा सांडलेली पँट होती.

आणि बाबांनी त्याच आठवड्यात कडी केली. त्यांनी मला सांगून लिहवलं: मर्द असशील तर समोर ये, रविवारी भर दुपारी, चाचाच्या कॅफेत. मी हात जोडले, रडले, बोटं दुखतात म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, मी दुसऱ्याकडून लिहून घेतो. मजकूर ढोलीत गेला, आठवडाभर तांदळावर झोपला, आणि जसाच्या तसा ताजा बाहेर आला. चाचांनी बटण दाबलं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "जेवून लिह्यलं हाये, शिवी बी नाई. भेटाले बोलावणं काही वाईट नोहोय." त्या दिवशी चाचांनाच ढोलीत घालून झाकण लावावं असं मला मनापासून वाटलं. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्षदर्शीचा मजकूर आला: येतो.

मग बाबांनी गुरुजींना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, फोन केला. "इवाई, रविवारी जरा माझ्या संगं राहा. एका हरामखोराले समोर बोलावलं हाये." गुरुजी म्हणाले, "मी येऊनच राह्यलो. माझं बी तिथी एकाशी निपटायचं हाये. तुमी माझ्या संगं राहा." बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पाय, असा माणूस पाह्यजे." मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर डोकं टेकवलं.

रविवारी दुपारी दोघं बाकावर मांडीला मांडी लावून बसले. समोर चाचांनी येणाऱ्या शत्रूसाठी एक खुर्ची मांडली. एकच. वर तिच्यावर उशी ठेवली. बाबा आणि गुरुजी त्या रिकाम्या खुर्चीकडे डोळे वटारून बघत राहिले. मधूनच बाबा तिला म्हणायचे, "ये नं आता!" गुरुजी म्हणायचे, "कुठी लपला?" चाचा दोघांना चहा देऊन जायचे, आणि खुर्चीसमोरही एक कप ठेवून जायचे. मी दारात उभी राहून बजरंगबलीपासून ताजुद्दीनबाबांपर्यंत सगळ्यांना नवस बोलले.

तेवढ्यात तळोधीचा एक माणूस कसलातरी फॉर्म काढायला आला आणि दमला होता म्हणून त्या खुर्चीवर बसला. दोघं एकदम उठले. बाबा त्याच्या तोंडाजवळ जाऊन ओरडले, "वाघ कोणाचा?" गुरुजी दुसऱ्या कानात, "बोल, वाघ कुठी होता?" त्या बिचाऱ्याला फक्त 'वाघ' ऐकू आलं. आमच्याकडे 'वाघ' म्हटल्यावर कोणी विचार करत बसत नाही. तो उशीसकट पळाला. "वाघ आला! कॅफेत वाघ!" भर बाजारात शटरं धडाधड खाली आली, भाजीवाल्या बाया टोपल्या टाकून देवळात शिरल्या, आणि थोड्याच वेळात फॉरेस्टचे गार्ड काठी घेऊन कॅफेच्या दारात उभे राहिले.

"वाघ कुठी हाये?"

"भाऊ, जेवले का?" चाचांनी विचारलं.

"वाघ कोणी पाह्यला ते सांगा!"

आणि माझ्या कर्माला, बाबा आणि गुरुजी दोघंही छाती काढून एकाच वेळी बोलले, "मी!"

गार्डनी काठी सरसावली. "कुठी?"

"पुलियावर. नागभीडच्या एसटीतून," बाबा म्हणाले. गुरुजी गर्रकन वळले. "का जी, तुमी बी त्या गाडीत होते?" मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं, गेली ती पँट.

"होतो नं! उजव्या खिडकीशी."

"मी डाव्या. मले वाटते, वाघाचं तोंड... नागभीडकडं होतं."

मी वाट बघत होते की आता बाबांच्या तोंडून वर्षभराचा मजकूर बाहेर पडेल. बाबांनी गुरुजींकडे पाहिलं. खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. आणि म्हणाले, "तुमी म्हणता तर असन. माझी नजर काही तेवढी चांगली नाई."

"नाई नाई," गुरुजी घाईनं म्हणाले, "उजवीकडून चांगलं दिसलं असन. सिंदेवाहीकडंच असन तोंड."

"छे, छे! तुमचाच वाघ गुरुजी."

"असं कसं? तुमचाच, इवाई!"

दोघं एकमेकांना वाघ देत होते आणि कोणी घेत नव्हता. गार्ड एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. ही गोष्ट कित्येक वर्षांपूर्वीच्या वाघाची आहे हे कळल्यावर ते मटकन त्या खुर्चीवर बसले आणि चाचांना म्हणाले, "नाई जेवलो." चाचांनी आतून ताट आणलं.

ज्या माणसाला वर्षभर गाढव म्हणालो तो हाच, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एसटी एक, वाघ एक, खिडक्या दोन, सगळं समोर मांडलं होतं. पण इतका सज्जन माणूस तो हरामखोर असू शकतो, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. ऊन उतरल्यावर दोघांनी 'आला नाई भेकड' असं ठरवून एकमेकांचं अभिनंदन केलं. पुढच्या रविवारी दोघं आपापल्या खोपटात बसले आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. मी चाचांकडे पाहिलं. ते ढोलीचं झाकण पुसत होते.

माझं लग्न झालं. चाचा वऱ्हाड्यांत फिरून प्रत्येकाला जेवले का विचारत होते. बँडवाल्यांना विचारलं, भटजींना विचारलं, नवरदेवाला तर भर अक्षतांत विचारलं. नवरा मला हळूच म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, यांच्यामुळंच तुम्ही इथं उभे आहात, जेवलो म्हणून सांगा.

वर्षं गेली. गुरुजींना मी आता मामाजी म्हणायची. नवऱ्यानं नागभीडच्या घरी कॉम्प्युटर आणला, लाईन सुधारली. हातात मोबाईल आले, चाचांच्या कॅफेत फक्त चार नंबर उरला, ग्रुपवरही मोजकी माणसं राहिली. पण साक्षीदार आणि प्रत्यक्षदर्शी हटले नाहीत. बाबा एका बोटानं टाईप करायला शिकले होते आणि धार आता स्वतःच लावायचे. सणावाराला दोघं व्याही एका ताटाला बसायचे, एकमेकांना आग्रह करायचे, आणि घरी जाऊन एकमेकांना गाढव लिहायचे. चाचा बटण दाबायचे.

मग बाबा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मामाजी माझ्यापेक्षा जास्त रडले. तेरवी झाल्यावरही कितीतरी दिवस ते संध्याकाळी सुपारी कातरायचे आणि दोन वाटे करायचे.

हळूहळू ते कॉम्प्युटरवर बसू लागले. आणि एक दिवस म्हणाले, "तो साक्षीदार कुठी गेला? लिहून नाई राह्यला." त्यांनी त्याला डिवचलं. उत्तर नाही. वाघावरून, सिंदेवाहीवरून, सगळ्यावरून डिवचलं. उत्तर नाही. त्यांचं लक्ष लागेना. जेवता जेवता उठून बघून यायचे. एका सकाळी मी टेबल पुसायला गेले तर पडद्यावर त्यांचा नवा मजकूर होता. "साक्षीदार भाऊ, तब्येत बरी नाई काय? जेवले का?"

मी तशीच फडकं हातात घेऊन तिथं उभी राहिले. मग सिंदेवाहीची गाडी पकडली.

चाचा आता फार थकले होते. गिरणीच्या चाकाखाली खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "चाचा, मामाजीले खरं सांगा. तुमी सांगितलं तर ते ऐकतीन. माझ्यानं नाई होत."

"तू जेवली का?"

"हाव."

"काय?"

मला सांगता येईना. बाबा गेल्यापासून मी ताटावर बसत होते आणि उठत होते, काय खात होते मलाच माहीत नव्हतं. चाचा उठले, मला आत घेऊन गेले. चाचींनी ढोलीतल्या जुन्या तांदळाचा भात वाढला, वर वरण. मी जेवले आणि रडले. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि मी मागून मागून जेवत होते. चाचा समोर बसून राहिले.

हात धुतल्यावर ते म्हणाले, "खरं सांगितलं तर एक माणूस त्याच्या घरी दुसऱ्यांदा मरन. एक खेप झाली, बस झालं."

"मंग काय करू?"

"चार नंबर चालू हाये."

मी चार नंबरसमोर बसले. वरण शिजेल एवढ्या वेळानं पडदा उजळला. मी बाबांच्या नावानं लिहिलं, "मले काय धाड भरली? गावाले गेलो होतो. वाघ सिंदेवाहीचाच होता, हे गाढवाले बी समजते." लिहून चाचांकडे वळून म्हटलं, फ्लॉपी कुठं आहे? ते म्हणाले, "कायले? जुनाच तांदूळ हाये हा." आणि त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळी मी नागभीडला पोचले तर मामाजी दारातच होते. "सूनबाई! जिता हाये, जिता हाये तो गाढव!" डोळे पुसत पुसत ते आत धावले, कीबोर्ड जवळ ओढला आणि मोठ्यानं सुरू झाले, "वाघाचं... तोंड..."

मग थांबले. चष्मा काढला, उठले, हात धुऊन पाटावर येऊन बसले.

"आधी वाढ बेटा," म्हणाले. "उपाशी माणसाचा मजकूर चाचा छापत नाई."